हौद्यातली माती : खेळाच्या भुईचा एक कोल्हापुरी इतिहास

मागच्या वर्षी तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातल्या कुठल्याशा शहरातला एक मुलगा सार्वजनिक इमारतीच्या दगडी कठड्यापाशी बसला आहे. आधी तो कठड्याची खडबडीत कड दुसऱ्या दगडाने घासतो, भेगेत काहीतरी भरतो, ती वाळू देतो. मग मेणबत्तीचा तुकडा घेऊन ती कड पुन्हापुन्हा घासत राहतो. अखेरीस पायात एका ओळीत चाके बसवलेले स्केट्स चढवून तो दुरून वेगाने येतो, उडी मारतो आणि बुटाचा तळ त्या मेणलेल्या कडेवर टेकवून घसरत पुढे जातो. या घसरण्याला त्या खेळात ‘ग्राइंड’ म्हणतात. ते सारे दोन-तीन सेकंदांत संपते. त्याआधीची तयारी मात्र बराच वेळ चाललेली असते. चित्रफीत थांबवून विद्यार्थी म्हणाला, “सर, हे आमच्या हौदा करण्यासारखंच आहे की!” हा मुलगा पहाटे तालमीत जातो आणि साडेदहाला वर्गात येतो.

त्याचे वाक्य तेव्हा गमतीने ऐकले, पण नंतर ते डोक्यातून जाईना. खेळाच्या इतिहासात आपण खेळाडूंची नावे लिहितो, विजयांची वर्षे लिहितो, आश्रयदात्यांचे ऋण मान्य करतो. ज्या पृष्ठभागावर खेळ होतो तो मात्र जणू निसर्गाने आयता दिलेला असतो, अशी आपली समजूत असते. वास्तविक भुई ही घडवावी लागते. ती कोण घडवतो, कशाने घडवतो आणि घडवल्यावर तिच्यावर पाय ठेवण्याची मुभा कोणाला देतो, या तीन प्रश्नांत खेळाचा बराचसा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. कोल्हापुरात राहणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे शोधायला दूर जावे लागत नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी अजून आहेत आणि त्यांच्या मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. ‘आखाडा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दात दाखवले जाते. ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली, राखलेली जागा. अर्थात आखाडा ही मोकळी जमीन नसून आखलेली जमीन आहे. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीने तो दोन ठिकाणी रुजवला : पैलवान तालमीत जातो आणि नाटकवाले तालमी करतात. ‘हौदा’ या शब्दात तर हौदाचीच कल्पना आहे. पाण्याच्या जागी मातीने भरलेला हौद. पैलवान त्यात ‘उतरतो’. मैदानात आपण जातो, व्यासपीठावर चढतो, हौद्यात मात्र उतरतो, हा क्रियापदांचा भेद अर्थपूर्ण आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. दख्खनेत कुस्ती ही राजदरबाराने दखल घ्यावी अशी विद्या होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आता मातीकडे वळू. कोल्हापूर शहर पंचगंगेच्या काठी वसलेले आहे आणि या खोऱ्यातली जमीन प्रामुख्याने काळी आहे. ऊस पिकवणारी ही माती कुस्तीला मात्र निरुपयोगी. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून ही जमीन ओली असताना अंगाला चिकटते, पाय धरून ठेवते; वाळली की तिला भेगा पडतात आणि ढेकळे दगडासारखी टणक होतात. अशा जमिनीवर माणूस आपटला तर त्याची हाडे शाबूत राहणार नाहीत. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरमाथ्यांवर आणि पश्चिमेकडे सह्याद्रीच्या बाजूला आढळणारी तांबडी, जांभ्या दगडापासून झालेली माती वेगळ्या स्वभावाची आहे. तिच्यात लोहाचा अंश जास्त असतो, तिचा तांबडा रंग त्यामुळेच येतो. आणि तिच्यातील चिकणमाती फारशी फुगत वा आकसत नाही. ती चाळता येते, भुसभुशीत ठेवता येते. थोडक्यात, गावाची माती म्हणून जिचा आपण अभिमानाने उल्लेख करतो ती हौद्यातली माती पायाखालची आयती माती नव्हे. ती पारखून, निवडून आणलेली आहे.

आणलेली माती तशीच हौद्यात टाकत नाहीत. ती चाळून खडे आणि मुळ्या काढतात. मग तिच्यात ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर, काव अशा वस्तू मिसळतात. प्रत्येक तालमीचे प्रमाण निराळे आणि प्रत्येक वस्तादाला आपलेच प्रमाण बिनचूक वाटते. या प्रत्येक वस्तूमागे एक कारण सांगितले जाते. तेलाने धूळ बसते आणि ओलावा टिकतो. ताक आणि लिंबू यांनी मातीला आंबटपणा येतो. हळद आणि कापूर हे खरचटलेल्या कातडीसाठी. काव रंगासाठी आणि थंडाव्यासाठी. यांतले किती प्रयोगशाळेत टिकेल हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु शेकडो घामेजलेली अंगे रोज ज्या मातीत लोळतात ती माती नासू नये, ही चिंता त्यामागे स्पष्ट दिसते. उत्तरेतही हीच रीत आहे. जोसेफ ऑल्टर या अभ्यासकाने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बनारसच्या आखाड्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात हळद, तेल आणि ताक ही त्रयी आहेच.

पण खरी गोष्ट मिश्रणाची नाही, रोजच्या मेहनतीची आहे. माती एकदा करून ठेवली की झाले, असे होत नाही. रात्रभरात ती बसते, घट्ट होते. म्हणून पहाटे लढतीआधी हौदा उकरावा लागतो. खोऱ्याने किंवा कुदळीने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माती खणायची, ढेकळे फोडायची, पाणी शिंपडायचे, मग ती ओढून सपाट करायची. हे काम बहुधा नव्या पोरांकडे असते. त्यात हात, खांदे, कंबर सारे घडते. म्हणजे हौदा करणे हाच एक व्यायाम ठरतो. २०२० साली टाळेबंदीत तालमी बंद पडल्या तेव्हा हे नाते उलट बाजूने ध्यानात आले. न उकरलेली माती घट्ट होत जाते. ज्या मातीत कोणी घाम गाळत नाही ती काही महिन्यांत पुन्हा साधी जमीन होते.

पेठेतल्या पोरांनी रोज उकरलेली ही भुई एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला राज्यसत्तेने घडवलेली एक भव्य भुई कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडला गेले होते. त्याच प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९०७ साली खासबागेत कुस्तीच्या मैदानाचे काम सुरू झाले आणि १९१२ साली ते पूर्ण झाले. मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, अशी ही बशीसारखी रचना आहे. कुठेही बसले तरी हौदा दिसतो. शेजारीच महाराजांनी नाट्यगृह उभारले. १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने सुरू झालेली ही वास्तू पुढे गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘तालीम’ या शब्दाचे दोन्ही मराठी अर्थ भिंतीला भिंत लावून उभे राहिले ते असे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्या रात्री अनेक कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी होते.

कलोसियमची तुलना आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यातला फरकही पाहायला हवा. कलोसियमच्या तळाशी वाळू पसरलेली असे. इंग्रजीतला ‘अरीना’ हा शब्दच लॅटिनमधल्या वाळूच्या शब्दापासून आला आहे. ती वाळू रक्त शोषून घेण्यासाठी होती. हौद्यातली माती पडणाऱ्याला सांभाळण्यासाठी आहे. शाहू महाराजांनी रोमकडून बैठकीची रचना घेतली, भुई मात्र इथलीच ठेवली. त्या बैठकीवर सरदार आणि शेतकरी एकाच हौद्याकडे पाहत बसू लागले, हे त्या काळाच्या मानाने लहान पाऊल नव्हते. आणखी एक योगायोग असा, की मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा सुप्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ चा, म्हणजे त्याच विलायतवारीच्या दिवसांतला आहे. दोहोंचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही कोणाला कुठे जागा मिळावी, हा एकच प्रश्न या राजाच्या मनात अनेक अंगांनी घोळत होता, असे मात्र वाटते.

यानंतरचा अध्याय मातीवरून गादीवर जाण्याचा आहे, आणि त्याचा नायक खाशाबा जाधव (१९२६–१९८४). कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा आयुष्यभर मातीत सराव केलेले त्याचे पाय प्रथमच मॅटवर पडत होते. तरीही त्याने सहावा क्रमांक मिळवला. या दोन पृष्ठभागांत फरक तो काय, असा प्रश्न एखाद्याला पडेल. भुसभुशीत मातीत पाय किंचित रुततो आणि त्या रुतण्यातून आधार मिळतो. हालचाल मंदावते, पकड महत्त्वाची ठरते, ताकद आणि दम यांची कसोटी लागते. हाताला घाम सुटला तर माती चोळून पकड परत मिळवता येते. मॅटवर पाय रुतत नाही. तिथे चपळाईला मोल आहे. प्रतिस्पर्धी क्षणात पायाशी शिरतो, आणि घामेजलेले अंग कोरडे करायला मूठभर मातीही नसते.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. आपल्यासारख्या अध्यापकांनी ती वर्षातून एकदा तरी आठवावी. हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या यशाचे वर्णन ‘मातीतला हिरा’ अशा शब्दांत केले जाते. परंतु ते यश मातीत नव्हे, परक्या भुईवर मिळवलेले आहे. एका भुईवर कमावलेले शरीर दुसऱ्या भुईची भाषा चार वर्षांत शिकले, यातच खाशाबांचे मोठेपण आहे. ‘मातीचा गुण’ एवढे म्हणून आपण त्यांच्या बुद्धीला कमी लेखतो.

भुई बदलली की नियम बदलतात आणि नियम बदलले की भाषेचे संदर्भ सुटतात. मराठीत मातीच्या कुस्तीने किती वाक्प्रचार दिले आहेत ते पाहावे : शड्डू ठोकणे, आखाड्यात उतरणे, धूळ चारणे, अस्मान दाखवणे, चारीमुंड्या चीत करणे. यांतले बरेचसे निकाली कुस्तीतून आलेले आहेत, म्हणजे एकाची पाठ लागेपर्यंत चालणाऱ्या कुस्तीतून. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळातून प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलले तरी गुण मिळतो आणि कोणाचीही पाठ न लागता कुस्ती जिंकता येते. गुणांवर जिंकलेल्या कुस्तीत धूळही नसते आणि अस्मानही दिसत नाही.

मातीच्या संदर्भात भाषेने एक दुहेरी अर्थ जपला आहे. हौद्यात उतरताना पैलवान चिमूटभर माती कपाळाला लावतो. तीच माती पाठीला लागली की तो हरतो. कपाळी लागली तर मान आणि पाठीला लागली तर अपमान. ‘गादी’ या शब्दाचेही असेच काहीसे झाले. कोल्हापुरात गादी म्हटले की प्रथम छत्रपतींची गादी आठवते. आज कुस्तीच्या बातमीत गादी म्हणजे मॅट. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग असतात आणि त्यांचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. दोन भुयांमधला वाद एकाच स्पर्धेच्या पोटात ठेवण्याची ही व्यवस्था मला फार मराठी वाटते.

इथवर वाचून वाचकाला वाटेल, की हा लेख मातीच्या बाजूने गहिवरण्यासाठी लिहिला आहे. तसे नाही. ज्या मातीचे आपण इतके गुणगान करतो तिच्यात उतरण्याची मुभा अर्ध्या समाजाला नव्हती. तालीम हे ब्रह्मचर्याचे, हनुमंताच्या उपासनेचे ठिकाण. तिथे स्त्रीचा पाय पडू नये, अशी समजूत होती. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या तालमीच्या दारात मुली थांबत नसत. भावाला डबा द्यायला आलेली बहीण बाहेरून हाक मारी. हौद्यात ताक ओतले जाई, हळद पडे. त्या ताक-हळदीला घरातल्या बायकांचे हात लागलेले चालत, पण त्यांचे पाय हौद्याला लागलेले चालत नसत. हे तेव्हा कोणाला खटकले नाही. मलाही खटकले नाही, हे नमूद केले पाहिजे.

हे दार उघडले ते प्रामुख्याने मॅटने. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश झाला. मॅटला पावित्र्य नव्हते, म्हणून तिला विटाळही नव्हता. रबर-फोमच्या त्या चौकोनाला कोणी कपाळ टेकत नाही आणि त्यामुळेच त्यावर कोणी यावे याविषयी परंपरेला काही म्हणता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडणगेच्या रेश्मा मानेसारख्या मल्लांनी पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांपर्यंत मजल मारली. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा पटकावली. पुरुषांच्या स्पर्धेनंतर बासष्ट वर्षांनी! गादी आल्याने माती गेली, अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला पाहिजे.

याचा अर्थ माती टाकून द्यावी असाही नव्हे. मॅट विकत आणावी लागते, मातीची मेहनत करावी लागते. मॅट कारखान्यात तयार होऊन येते, तिच्या घडणीत खेळाडूचा वाटा नसतो. हौदा मात्र त्यात उतरणाऱ्यांनीच रोज घडवलेला असतो. चित्रफितीतला मेण घासणारा तो मुलगा आणि पहाटे माती उकरणारा माझा विद्यार्थी यांच्यातले साम्य इथे आहे. दोघांनाही भुई आयती मिळालेली नाही. फरक इतकाच, की त्या मुलाचा कठडा त्याच्या मालकीचा नाही. अनेक शहरांत अशा कठड्यांवर लोखंडी गुट्टे ठोकून खेळ बंद पाडला जातो. कोल्हापुरात मात्र पेठांनी आणि राजाने खेळासाठी भुई राखून ठेवली. खेळण्यासाठी राखलेली जागा असणे ही चैन आहे, याची जाणीव आपल्याला तिच्यात वाढल्यामुळे होत नाही.

शेवटी आपल्या विद्याशाखेविषयी एक निवेदन. मल्लांची चरित्रे मराठीत लिहिली गेली, डावांची वर्णने झाली. मातीचे ज्ञान मात्र आजही मुख्यतः तोंडीच आहे. किती मातीला किती ताक, कोणत्या ऋतूत पाणी किती, माती ‘मेली’ हे कशावरून ओळखायचे, जुनी माती काढून नवी कधी भरायची, हे सांगू शकणारे वस्ताद वयोवृद्ध होत आहेत. एम. ए. च्या प्रकल्पासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार दरवर्षी कानावर येते. एखाद्या विद्यार्थ्याने, आणि विशेषतः एखाद्या विद्यार्थिनीने, वही घेऊन पहाटे पाच वाजता तालमीच्या दारात जाऊन बसावे. विद्यार्थिनीला आत घेतात की नाही, हीसुद्धा त्या अभ्यासातली एक नोंदच असेल.

त्या मुलाला मी हेच सुचवले. तो म्हणाला, “लिहितो सर, पण आधी वस्तादांना विचारायला लागंल.” चार दिवसांनी त्याने निरोप आणला. वस्तादांची हरकत नव्हती. अट एकच : सरांनी एकदा पहाटे येऊन स्वतः हौदा उकरावा, मग लिहिण्याचे बघू. मी गेलो. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले आणि हौद्याचा एक कोपराही पुरा झाला नव्हता. उरलेला पोरांनी केला.